बर्फखान्यामागची जागा

२ फेब्रुवारी, रविवार

उलटलो. पहिल्याच लाटेला! गुडघाभर पाण्यातसुद्धा पोचलो नव्हतो. मोठ्या पुळणीवर, भर सकाळी, फिरायला आलेल्या सगळ्या गावासमोर. लाट आली तेव्हा कयाक, म्हणजे माझी एका माणसाची निमुळती होडी, आडवी होती, तीच चूक. आधी कयाक माझ्यावर, मग मी कयाकवर, मग परत कयाक माझ्यावर. एक आजोबा काठी टेकत जवळ आले, वाकून बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मासा लागला का?"

गळाची काठी मोडली. गुडघा सोलला.

घरी सांगितलं, कामावर जिन्यात घसरलो. रविवारी कसलं काम, हे बायकोने विचारलं नाही. कयाक घरी आली त्या दिवशीच तिने बजावलंय, "एकदा जरी पाण्यात काही झालं ना, तर ती केळ्याची साल थेट भंगारात." कयाक पिवळी आहे, म्हणून केळ्याची साल. आई तर तिला नुसतं "ते" म्हणते. "ते गॅलरीतून काढ, कपडे वाळत घालायचेत."

५ फेब्रुवारी, बुधवार

गळवाल्याकडे गेलो, नवीन काठी घ्यायला. गुडघ्याकडे बघून हसला. "मोठ्या पुळणीवर? नवशिका आणि मोठी पुळण! अरे, तिथे पट्टीचे लोक उलटतात. मासा कुठे पळून जात नाही. आधी जागा बघ. कयाक घरी ठेव, रिकाम्या हाताने जा, भरतीला एकदा बघ, ओहोटीला एकदा बघ. लाट कुठे फुटते, वारा कुठून येतो, परत चढायला जागा आहे का. मग काय ते ठरव."

हे मला पटलं. हेच तर माझं काम! लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, दोर तपासायचे, ब्रेक तपासायचे, दार अडतंय का बघायचं, आणि मग कार्डावर "तपासले" लिहून सही. बावीस वर्षं झाली. माझ्या सहीच्या भरवशावर लोक आठ-आठ मजले वर जातात आणि त्यांना माझं नावही माहीत नसतं.

मी तपासतो त्या एका इमारतीतल्या आठव्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गाव सोडताना कयाक माझ्या गळ्यात मारली तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. पण दिवसभर त्या उभ्या बोगद्यात लटकणाऱ्या माणसाला कोणी उघडं पाणी देऊ केलं, तर तो काय म्हणणार?

९ फेब्रुवारी, रविवार

बंदराचा उतार पाहिला. गुळगुळीत, रुंद, गाडी थेट पाण्याजवळ. वाटलं, हीच! तेवढ्यात एक मोठी होडी आली, तिच्या मागोमाग कमरेएवढी लाट उतारावर चढली आणि माझे बूट घेऊन गेली. (एक परत मिळाला.) पहारेकरी ओरडला, "ओ साहेब, इथे होड्यांचे पंखे फिरतात पाण्याखाली! होडीवाल्यांना दिसणार नाही तुम्ही!"

फुली.

१६ फेब्रुवारी, रविवार

दीपगृहाखाली. भरतीला स्वर्ग. ओहोटीला चिखल, मांडीपर्यंत. बाहेर निघायला वीस मिनिटं लागली. फुली. मोठी फुली!

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडली!!

जुन्या बर्फखान्यामागे. खाडीच्या तोंडापासून जरा आत. बर्फखाना कधीचाच बंद आहे, फक्त एक राखणदार असतो. लांबच लांब दगडी भिंत, वारा अडवते. भिंतीखाली कठीण वाळू, हलका उतार. लाट नाहीच. पाणी कसं, ताटात ओतल्यासारखं. गाडी अगदी जवळ लागते. सकाळी आधी बघून आलो, मग घरी जाऊन कयाक आणली.

पहिल्यांदा नीट बसलो. पहिल्यांदा वल्हं दोन्ही बाजूंना सारखं पडलं. अर्ध्या तासाने गळाला ओढ लागली आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की भिंतीवरचे पक्षी उडाले. वीतभर मासा. सोडून दिला. घरी कोण ऐकून घेणार, की एवढ्यासाठी गेला होतास?

तरी सांगितलंच. बायको हसली. खूप दिवसांनी अशी हसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गळवाल्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "हे लिहून दे की! माझ्याकडे रोज कोणीतरी नवीन येतो, कुठून सुरू करू विचारत. कयाक विकतो खरा, पण मी मोटारहोडीवाला माणूस, मला तुमच्या या सालीतलं काय कळतं!"

दुकानातच बसून लिहिलं. सहा जागा, दोन कामावरून येता-जाता बघितलेल्या धरून. पाचांपुढे फुल्या आणि कारणं. सहावी, "बर्फखान्यामागे. लाट नाही, वारा नाही. नवशिक्यांसाठी सुरक्षित." आणि खाली, हाताला सवय, "तपासले" आणि सही. गळवाला म्हणाला, "अरे वा, सरकारी काम झालं!"

९ मार्च, रविवार

परत बर्फखाना. दोन मासे. एक घरी आणला. आईने "ते"ला पहिल्यांदा कयाक म्हटलं.

१६ मार्च, रविवार

आज नको. हात चालत नाही.

१७ मार्च, सोमवार

लिहून काढतो. कुणाला सांगणार नाही, निदान इथे तरी.

पौर्णिमा परवाच झालेली. उधाणाचं पाणी. हे मला तेव्हा सुचलंच नाही. मी दोनदा गेलो ते दोन्ही वेळा मधल्या दिवसांत, जेव्हा पाणी सुस्त असतं. तरीच ताटात ओतल्यासारखं! मी दोनदा बघितलं आणि म्हटलं, तपासले. लिफ्ट रिकामी चालवून बघायची आणि भार न घालता सही करायची, तसं.

भरती सव्वासहाला. मी नऊला उतरलो. पहिला अर्धा तास मजेत. गळ टाकला, वल्हं मांडीवर ठेवलं. मग लक्षात आलं की भिंत मागे सरकतेय. मी वल्हवत नव्हतो आणि भिंत सरकत होती.

कयाक वळवली. जोर लावला. भिंतीतून एक गंजका पाइप बाहेर आलाय, त्याच्यावर डोळे लावले. दहा मिनिटं वल्हवलं. सगळं बळ लावून. पाइप जिथल्या तिथे. अकराव्या मिनिटाला पाइप पुढे सरकायला लागला, म्हणजे मी मागे. खाडीच्या तोंडातून बाहेर फेकला गेलो, तेव्हा पाण्याचा आवाज बदलला. ते पाणी बाहेर पडून उजवीकडे, उत्तरेला वळतं, काळ्या खडकांच्या अंगावरून. शिट्टी फुंकली. कोण ऐकणार? फोन गाडीत, भिजेल म्हणून! गळाची काठी कधी गेली कळलंही नाही. खडकांपासून कयाक दोन हात लांबून गेली. मी आईला हाक मारली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस.

मग वल्हं खाली कशाला तरी लागलं. वाळू! खडकांच्या पलीकडे पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, ओहोटीला उघडा पडतो. उतरलो, कयाक ओढली, तिच्यावर पोट टेकून पडून राहिलो. साडेदहा वाजले होते. सव्वादोनपर्यंत तिथे बसलो. किनारा दिसत होता, माणसं मुंगीएवढी. पाणी फिरलं तसा दांडा लहान होत गेला. आमच्या इमारतीएवढा, मग घराएवढा, मग स्वयंपाकघराएवढा. तेव्हा कयाकमध्ये बसलो आणि चढत्या पाण्याने मला उचलून परत खाडीत आणून सोडलं, जसं काही झालंच नाही.

दुपारी साडेतीनला घरी. बायको दारात. "फोन का उचलत नव्हतास?"

"गाडीत राहिला. मासे चांगले लागत होते."

"मग कुठेत मासे?"

"सोडून दिले."

मी आंघोळीला गेलो आणि नळ सोडून खाली बसलो.

१९ मार्च, बुधवार

गळवाल्याकडे गेलो होतो, सांगायला. कागद आता प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या काचेवर लावलाय. माझी सही रस्त्यावरून दिसते. दुकानात गर्दी. तीन-चार लोक, सगळ्यांसमोर काय सांगू, मी बर्फखान्यामागून वाहून गेलो? शिवाय त्याच्या दुकानात बोललेलं संध्याकाळी आमच्या जिन्यात पोचतं. बायको त्याच जिन्याने चढते.

आमिषाचा डबा घेतला आणि निघालो. उद्या सांगतो.

२० मार्च, गुरुवार

दोन इमारतींची तपासणी होती. वेळ झाला नाही.

(दुकान वाटेतच आहे.)

२३ मार्च, रविवार

समुद्रावर गेलो नाही. बायकोने विचारलं, "आज साल नाही?" म्हटलं, पाठ दुखतेय. तळहातावरचे फोड लपवतोय आठवडाभर. आई म्हणाली, "याला माशाने घाबरवलंय." दोघी हसल्या. मीही हसलो.

उद्या सांगतो. नक्की.

२७ मार्च, गुरुवार

आज एका कार्डावर सही करताना हात थांबला. परत खड्ड्यात उतरलो, सगळं परत तपासलं. काही चुकलं नव्हतं. मग तिथेच लिफ्टखाली, ग्रीसच्या वासात, उभा राहिलो बराच वेळ. वरून कोणीतरी बटण दाबत होतं.

३१ मार्च, सोमवार

काल जे घडलं ते सगळं, क्रमाने.

दुपारी दोनला गळवाल्याचा फोन. जेवण नुकतं उरकलं होतं. त्याचा आवाज फाटलेला. "अरे, बर्फखान्यामागून एक जण गेलाय सकाळी. रिकामी कयाक सापडली आत्ता, पार दक्षिणेला. चष्मेवाला रे, चौकातला! गेल्याच आठवड्यात माझ्याकडून कयाक नेली. काचेवर तुझा कागद होताच... मला वाटलं, तुला सांगावं."

चष्मेवाल्याला मी फक्त बघून ओळखतो. बायकोचा चष्मा त्याच्याकडचा. हळू बोलणारा माणूस.

फोन ठेवला. अमावास्या परवाच झाली, हे सगळ्यात आधी डोक्यात आलं. तेच उधाण. तीच वेळ, पंधरा दिवसांनी.

"काय झालं?" बायको.

मी ही वही कपाटातून काढली. सतरा तारखेचं पान उघडलं. तिच्या हातात द्यायला गेलो आणि दिली नाही. "गाडीत सांगतो. चल."

गाडीत सांगितलं. सगळं. पाइप, खडक, दांडा, पळून आलेला बुधवार. ती समोर बघत होती. मी म्हटलं, "काहीतरी बोल." ती म्हणाली, "गाडी चालव."

बर्फखान्यामागे गर्दी. राखणदार सगळ्यांना परत परत सांगत होता, गाडी पहाटेपासून उभी आहे म्हणून. एक बाई भिंतीला टेकून बसली होती, चपला हातात. चष्मेवाल्याची बहीण. बचाव पथकाच्या प्रमुख म्हणजे पन्नाशीच्या एक बाई, गाडीच्या टपावर नकाशा पसरून वायरलेसवर बोलत होत्या. दोन्ही बोटी दक्षिणेला शोधत होत्या, कयाक तिकडे सापडली म्हणून.

मी म्हटलं, "मॅडम, तो उत्तरेला असेल."

"तुम्ही कोण?"

"मी... तो कागद मी लिहिलाय. दुकानातला."

"कागदाचं नंतर बघू. उत्तरेला कशावरून?"

सगळे बघत होते. गळवाला, राखणदार, ती बहीण. बायको माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"मी वाहून गेलो होतो. इथूनच. सोळा तारखेला. वेळा लिहून ठेवल्यात." वही पुढे केली. बाईंनी वाचली. एकदा भरभर, मग बोट ठेवून. माझं आईला हाक मारणंही वाचलं असणार. चेहरा हलला नाही.

"रिकामी कयाक वाऱ्याने जाते," त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या. "माणूस पाण्याने जातो. दांडा किती वाजता बुडतो?"

"मी सव्वादोनला निघालो तेव्हा स्वयंपाकघराएवढा होता."

"आत्ता किती वाजलेत?"

दोन चाळीस. आज पाणी त्या दिवसापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा. हिशेब दोघांनीही एकदमच केला असावा. त्यांनी वायरलेस उचलला. "दोन नंबर, वळा. काळ्या खडकांच्या पलीकडे. वाळूचा दांडा. पूर्ण वेगाने."

मग थांबणं. बोटीला यायला पंचवीस मिनिटं. पाणी भिंतीच्या दगडांवर चढताना मी बघत होतो, एक दगड, दोन दगड. बहीण उठून माझ्याजवळ आली. वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तिथे उभं राहता येतं का हो?" मी म्हटलं, "येतं." किती वेळ, ते सांगितलं नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी वायरलेस खरखरला. "माणूस दिसतोय. उभा आहे. छातीभर पाण्यात." मग काहीच नाही. मग, "घेतला. जिवंत आहे. बोलत नाहीये, पण जिवंत आहे."

बहीण खाली बसली ती बसलीच. गळवाला मोठ्याने रडला. मला रडू आलं नाही. भिंतीमागे गेलो.

बोट आली तेव्हा त्याला घोंगडीत गुंडाळलं होतं. अंगात लाइफ जॅकेटही नव्हतं. राखणदार म्हणाला, "नवशिके लोक! डोकंच नाही." चष्मेवाल्याने कोणाकडेच बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. बाईंनी वही परत दिली. "पंधरा दिवस आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"आज तरी सांगितलंत." आणि त्या वळल्या.

घरी येताना बायको बोलली. "पंधरा दिवस माझ्या शेजारी झोपलास. मी विचारलं तुला, पाठ चोळून देऊ का. भंगारात टाकीन म्हणाले ते कशासाठी म्हणाले रे? तू लपवावंस म्हणून?"

 

१ एप्रिल, मंगळवार

गळवाल्याकडे जाऊन कागद काढला. त्याने स्वतः प्लास्टिक सोललं. मग त्याने चहा मागवला.

३ एप्रिल, गुरुवार

नवीन कागद. तीन दिवस लागले. आता प्रत्येक जागेपुढे "केव्हा नाही" हा रकाना आधी, "केव्हा" नंतर. बर्फखान्यापुढे लिहिलं, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चार-पाच दिवस अजिबात नाही. इतर दिवशीही ओहोटी लागल्यावर पाण्यात राहायचं नाही. पाइपच्या पुढे जायचं नाही. आणि खाली, "मी इथून वाहून गेलो आहे." सही. "तपासले" लिहिलं नाही.

बायकोला वाचायला दिला. तिने एक शब्द दुरुस्त केला आणि परत दिला. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज मात्र डब्यात चमचा होता. तीन दिवस नव्हता.

६ एप्रिल, रविवार

कयाक गॅलरीतच आहे. मीच म्हटलं, "देऊन टाकूया." बायको म्हणाली, "साल कुठे काय करते? तू खोटं बोलतोस, ते देऊन टाक."

आई म्हणाली, "हे बरोबर बोलली."

चष्मेवाल्याला भेटायला दोनदा निघालो, दोनदा चौकातून परत आलो. त्याचं दुकान बंद आहे. माफी कशी मागतात एखाद्याची, जो आपल्या सहीच्या भरवशावर पाण्यात उतरला?

९ एप्रिल, बुधवार

चौकातल्या इमारतीत काम करत होतो, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. दारात सावली पडली. चष्मेवाला. पाच मजले चढून आलेला, धापा टाकत. मी पाना खाली ठेवला आणि तीन दिवस पाठ केलेली माफी सुरू केली. त्याने मध्येच हात वर केला.

"तुमचा कागद मी वाचलाच नाही. मी मासे धरायला गेलो नव्हतो."

मला कळायला वेळ लागला. मशीन थंड होताना टिकटिक करत होतं.

मी विचारलं, "कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. ताईलाही अपघातच वाटतो, सगळ्यांना तेच सांगते. त्या दिवशी कयाक मीच सोडून दिली होती, पण मधेच पायाला वाळू लागली आणि... उभा राहिलो. का, मलाही माहीत नाही." मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःचं बोललात, असं ताईने सांगितलं. म्हणून आलो. काल परत तसंच वाटत होतं."

मी लिफ्ट तशीच बंद ठेवली. दारावर पाटी लावली. त्याचा दंड धरला, घट्ट, आणि आम्ही पाचही मजले जिन्याने उतरून त्याच्या ताईच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. मी म्हटलं, "याला काहीतरी सांगायचंय. मी इथेच बसतो."